शिक्का मारायची घाई आणि केडगावच्या रमाबाई

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर रात्री निवांत वाचा. पण अर्धी वाचून मत देऊ नका, कारण विषयच तो आहे.

आपल्या भागातल्या ख्रिस्ती समाजात सध्या दोन शब्द फार स्वस्त झालेत. 'खोटा शिक्षक'. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज एखादी क्लिप येते. तासाभराच्या संदेशातली चाळीस सेकंद कापलेली, वर लाल अक्षरात 'सावधान'. कुणी टाळ्या वाजवून गातो म्हणून खोटा. कुणी लहान बाळांचा बाप्तिस्मा करतो म्हणून खोटा. कुणी अन्य भाषांत प्रार्थना करतो म्हणून खोटा, आणि कुणी करत नाही म्हणून त्याच्यात आत्माच नाही. कॅथलिकांना प्रॉटेस्टंट, प्रॉटेस्टंटांना पेंटेकॉस्टल, आणि पेंटेकॉस्टलांना पलीकडच्या गल्लीतले दुसरे पेंटेकॉस्टल.

ज्यांचा या समाजाशी संबंध नाही त्यांना वाटेल, हे त्यांचं घरगुती भांडण. पण हे भांडण मोबाईलात राहत नाही. लग्नपत्रिकेवर कोणत्या पाळकाचं नाव, मयतीला प्रार्थना कोण करणार, दिराच्या मंडळीत जायचं की नाही, इथपर्यंत ते येतं. एकाच आडनावाची दोन घरं नाताळात एकमेकांकडे फराळाचं ताट पाठवायची बंद होतात. आणि कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: "ते खोट्या शिकवणीत गेलेत."

म्हणून आज एक जुनी गोष्ट सांगतो. परदेशातली वाटेल, पण शेवटी ती दौंड तालुक्यातल्या केडगावला येऊन थांबते. (नगरजवळचं केडगाव नव्हे, पुणे-सोलापूर रेल्वे लाईनवरचं.)

पंडिता रमाबाईंचं नाव शाळेच्या पुस्तकामुळे सगळ्यांना माहीत असतं. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी गावकीचा रोष पत्करून बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील गेले, मोठी बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंदुस्थान फिरले. १८७८ ला कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. पुढे भाऊ गेला. बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर लग्न झालं, आणि दोन वर्षांच्या आत पटकीने नवराही गेला. पदरात मनोरमा, वय एक वर्षाच्या आत. १८८२ ला त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिली. पुण्यात पंचहौद मिशनच्या इंग्रज सिस्टर्सशी ओळख झाली, आणि १८८३ ला छोट्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यकीचं शिक्षण घ्यायचं होतं, पण कानाने कमी ऐकू यायचं म्हणून ते राहिलं.

इथवरची गोष्ट पुस्तकात असते. यापुढची फारशी सांगितली जात नाही.

इंग्लंडात वाँटेज नावाच्या गावी त्या सिस्टर्सचा मठ होता. २९ सप्टेंबर १८८३ ला तिथे रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या निर्णयामागे एका मराठी माणसाची पत्रं होती. नीलकंठशास्त्री गोरे, म्हणजे फादर नेहेम्या गोरे. काशीत वाढलेले चित्पावन शास्त्री, १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेले. त्यांच्या लिखाणाचा आपल्यावर परिणाम झाला असं रमाबाईंनी स्वतः नोंदवलंय. स्वतः गोऱ्यांना आयुष्यभर शंकांनी छळलं. कदाचित म्हणूनच शंका घेणाऱ्या माणसाला काय लिहावं, हे त्यांना कळत असावं.

बाप्तिस्मा झाला, सिस्टर्सना आनंद झाला. हिंदुस्थानातली विदुषी ब्राह्मण विधवा आपल्या चर्चमध्ये आली. आणि मग ती विदुषी प्रश्न विचारायला लागली.

प्रश्न साधे नव्हते. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे त्रैक्याचं तत्त्व आपल्याला पटत नाही, अनेक देव सोडून आपण इथे आलो ते पुन्हा तीन मानायला का, असा त्यांचा सूर होता. येशूचं देवत्व, कुमारीपासून जन्म, यावरही त्यांनी शंका काढल्या. जे बायबलमध्ये मला स्पष्ट दिसेल ते मानीन. चर्चच्या सभांनी नंतर ठरवलेलं मी का मानावं? हे सगळं त्या लिहीत होत्या सिस्टर जेराल्डिन यांना. जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता, आध्यात्मिक पालक. रमाबाई आणि मनोरमा त्यांना 'आजीबाई' म्हणायच्या. हो, इंग्लंडातल्या ननला आजीबाई! इतका जिव्हाळा होता.

एक गोष्ट आधीच कबूल करू. त्रैक्य ही किरकोळ बाब नाही. ख्रिस्ती विश्वासाच्या पायातला तो दगड आहे. त्यामुळे आजीबाई घाबरल्या यात नवल नाही. आपण जिला हात धरून आत आणलं ती पायाच उकरतेय, असं त्यांना वाटलं. काळजी खरी होती, आणि मायाही खरी होती.

पण त्या काळजीचं पुढे काय झालं ते बघा. १८८५ सालची पत्रं वाचली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. हळूहळू प्रश्नाला उत्तर देणं मागे पडतं आणि प्रश्न विचारणाऱ्या बाईबद्दल बोलणं सुरू होतं. तू गर्विष्ठ आहेस. तुझ्यात आज्ञाधारकपणा नाही. तुला स्वतःच्या बुद्धीचा ताठा आहे. गुरुजनांवर विश्वास ठेव. वाट चुकलेली, चर्चच्या शिकवणीपासून ढळलेली, पाखंडाकडे झुकलेली, असा सूर लागतो.

आणि एकदा का हा चष्मा डोळ्यावर चढला की प्रत्येक गोष्टीत तेच दिसायला लागतं. रमाबाई शाकाहारी होत्या, मांस-अंडी खात नव्हत्या. सवय होती, आवड होती. पण आजीबाईंना त्यात जातीचा अभिमान दिसला. अजून ही पूर्ण ख्रिस्ती झालीच नाही! गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंचं म्हणणं, लॅटिन ना मला कळतं ना माझ्या देशातल्या बायकांना, मग संस्कृतात का नको? लॅटिनमध्ये असं काय पवित्र आहे? त्यावरूनही वाद.

त्याच काळात त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकत होत्या आणि संस्कृत शिकवत होत्या. त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावं असा विचार निघाला, तर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांपर्यंत प्रकरण गेलं. पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात तिचं नाव खराब होईल, असा सल्ला तिकडून आला. जी बाई कलकत्त्यात पंडितांच्या भरसभेत बोलली, तिला! रमाबाईंना राग आला, आणि त्यांनी तो लपवला नाही.

आता यात विश्वासाचा प्रश्न कुठला आणि सवयीचा कुठला? त्रैक्य हा विश्वासाचा प्रश्न. पण अंडं, लॅटिन, कॉलेजातला वर्ग? हे सगळं इंग्रज घरातलं, इंग्रज चर्चमधलं वळण. वाँटेजच्या मठात ते आणि येशूची शिकवण एकाच पिशवीत भरलेलं होतं, आणि आत काय काय आहे हे पिशवी धरणाऱ्यालाच माहीत नव्हतं. आज आपल्याकडे 'खोटा' म्हणून ज्यांच्या क्लिपा फिरतात, त्यातल्या निम्म्यांबद्दल विचारा: भांडण शास्त्रावरून आहे की ढोलकी, डोक्यावरचा पदर आणि उपासनेची वेळ यांवरून?

मे १८८५ मध्ये रमाबाईंनी आजीबाईंना जे कळवलं त्याचा आशय असा: मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे, पण पाद्री आणि बिशप यांच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द मानायला मी बांधलेली नाही. आपल्या देशातल्या भटभिक्षुकांचं जोखड मी मोठ्या कष्टाने फेकलंय, आता दुसरं तसलंच जोखड मानेवर घेणार नाही.

वाँटेजला हे उद्धटपणाचं वाटलं. मला विचाराल तर त्यात एका माणसाची आयुष्यभराची किंमत मोजलेली दिसते. आई-बाप, बहीण, भाऊ, नवरा गेलेले. पुण्यात 'बाटगी' म्हणून नाव टाकलेलं. आणि ज्यांच्यासाठी हे सोसलं ते म्हणतात, तू अजून आमचीही नाहीस.

याच गोष्टीत आणखी एक बाई आहे, तिच्याबद्दल सांगायलाच हवं. डॉरोथिया बील, चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या मुख्याध्यापिका. त्याही पक्क्या अँग्लिकन. त्रैक्यावर त्यांचा पूर्ण विश्वास. रमाबाईंचं म्हणणं त्यांना अजिबात पटत नव्हतं. पण त्यांनी काय केलं? समोर बसून वाचलं, लांब पत्रं लिहिली, युक्तिवादाला युक्तिवादाने उत्तर दिलं. आणि वाँटेजच्या लोकांना सांगितलं की हिला अधिकाराच्या जोरावर गप्प करून चालणार नाही, हिचं मन विचार करणाऱ्याचं आहे, तिला तिच्या वाटेने येऊ द्या, वेळ द्या. स्वतः बीलबाई शंकांच्या काळातून गेलेल्या होत्या.

म्हणजे मत दोघींचं एकच, विश्वास एकच. एकीने माणसाला तपासलं, दुसरीने प्रश्नाला. फरक एवढाच, पण फार मोठा.

१८८६ ला रमाबाई अमेरिकेला गेल्या. ११ मार्चला फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला हजर राहिल्या. 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक लिहिलं, विधवांच्या शाळेसाठी पैसे उभे केले, आणि बरोबर तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू केलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं.

आणि आता दोन्हीकडून मार सुरू झाला. शारदा सदनात धर्म शिकवायचा नाही, कुणाला बाटवायचं नाही, हा नियम होता. त्यामुळे मिशनरी म्हणायचे, ही कसली ख्रिस्ती, मुलींना येशूचं नावसुद्धा सांगत नाही! आणि पुण्यातले सनातनी म्हणायचे, शाळा हे नुसतं निमित्त, आत बाटवाबाटवी चाललीय. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडं ठेवून करायच्या, काही मुली आपणहून येऊन बसायच्या. 'केसरी'ने झोड उठवली. १८९३ ला रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. बाप्तिस्म्याच्या वादात त्यांची बाजू घेऊन उघड लिहिणारे एक ठळक नाव म्हणजे जोतीराव फुले, पण तेही १८९० मध्ये गेले.

तेव्हाचं पुणं कसं होतं हे कळायला एकच उदाहरण पुरे. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एका सभेनंतर चहा दिला गेला. तो घेतला म्हणून, किंवा समोर ठेवला म्हणून, शहरात वादळ उठलं, आणि रानडे, टिळक यांच्यासारख्यांवरही प्रायश्चित्ताची पाळी आली. एक कप चहा! शिक्का मारायची हौस कुठल्या एका धर्माची मक्तेदारी नाही. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावणारेही धर्मरक्षणच करत होते.

या सगळ्या गदारोळात, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंच्या मनात एक मोठा बदल झाला. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. पुढे १९०७ मध्ये त्यांनी आपली साक्ष लिहून काढली, त्यात त्या सांगतात की बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. तो आठ वर्षांनी मिळाला.

आता इथे कुणीतरी म्हणेल, "मग आजीबाईंचं बरोबरच होतं की! बाई कच्चीच होती, स्वतःच कबूल करते." प्रश्न रास्त आहे, टाळणार नाही. कमतरता होती, हे खरं. पण ती भरून कशाने निघाली? 'तू गर्विष्ठ' म्हटल्याने नाही. उलट त्या बोलण्याने त्या वाँटेजपासून दूर गेल्या. आणि आपल्यात काय कमी होतं म्हणून त्या सांगतात? आज्ञाधारकपणा नाही, लॅटिन नाही, बिशपांवरचा विश्वास नाही. एक जिवंत ओळख. १८८५ ला ज्यावर बोट ठेवून ओरडा चालला होता, दुखणं तिथे नव्हतंच. माणसाचं आयुष्य म्हणजे वीस प्रकरणांचं पुस्तक असेल, तर वाँटेजच्या लोकांनी दुसऱ्या प्रकरणावर निकाल लिहिला होता.

पुढची प्रकरणं काय निघाली?

१८९६-९७ चा दुष्काळ. मध्य प्रांतात माणसं किड्यामुंगीसारखी मरत होती, आणि दलाल भुकेल्या मुली हेरत फिरत होते. दुष्काळात आई-बाप गमावलेली ही बाई स्वतः तिकडे गेली आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आली. पुण्यात प्लेगचे कडक नियम होते, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेलं. तंबू, झोपड्या, विहिरी, मग इमारती. हेच मुक्ती मिशन. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या, आणि एकेकाळी तिथे दोन हजारांच्या आसपास जीव राहत होते. विणकाम, शेती, तेलघाणा, छापखाना, अंध मुलींसाठी वेगळं शिक्षण. कुठल्या एका पंथाची पाटी त्यांनी दारावर लावली नाही.

माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग १९०५ चा आहे. वेल्समध्ये आणि आपल्या ईशान्येकडच्या खासी टेकड्यांत आध्यात्मिक जागृती झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा रमाबाईंनी मुलींना गोळा करून रोज प्रार्थना सुरू केल्या. जूनच्या शेवटी केडगावात ते सुरू झालं. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करतायत, रडतायत, पापं कबूल करतायत, हसतायत, गातायत. पुढे काही जणी अन्य भाषांत बोलू लागल्या. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटची सभा जगभर प्रसिद्ध आहे, ती १९०६ ची. केडगाव आदल्या वर्षीचं.

साहजिकच टीका झाली. हा उन्माद आहे, हा गोंगाट आहे, उपासना अशी असते का? जी भाषा वीस वर्षांपूर्वी रमाबाईंना ऐकावी लागली होती, तीच आता त्यांच्या मुलींसाठी.

आणि रमाबाई? त्यांना स्वतःला अन्य भाषांचं दान मिळालं नव्हतं, आणि हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. सगळ्यांना ते मिळालंच पाहिजे असा आग्रह धरला नाही. पण मला मिळालं नाही म्हणून तुझं खोटं, असंही म्हटलं नाही. त्या बघत राहिल्या. या मुली आता कशा वागतात, कामाला जातात का, एकमेकींची सेवा करतात का, ते पाहिलं. आमच्या लोकांना आपल्या पद्धतीने देवाला हाक मारू द्या, पाश्चात्त्य वळण लावायची घाई करू नका, अशी त्यांची भूमिका राहिली. जिच्यावर शिक्का मारला गेला होता, तिच्या हातात शिक्का आल्यावर तिने तो वापरला नाही. हे सोपं नसतं, मंडळी. छळ सोसलेली सासूच बहुतेक वेळा जास्त छळते, हे आपण घराघरांत बघतो.

आता एक गंमत. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची पंधरा-सोळा वर्षं बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली. हिब्रू, ग्रीक शिकून. त्यांचं म्हणणं, प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतने जड झालेली आहे, खेड्यातल्या बाईला ती कळत नाही, आणि त्यातले काही शब्द हिंदू कल्पना सोबत घेऊन येतात, ते टाळावेत. संस्कृतची पंडिता हे म्हणते!

आणि त्याच काळात नगरला रेव्हरंड नारायण वामन टिळक नेमकं उलटं करत होते. १८९५ ला ख्रिस्ती झालेले हे कवी अभंग, कीर्तन, भजन, संतांची सगळी शब्दसंपदा उचलून येशूच्या भक्तीला वाहत होते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भूमिका. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. अनेकांच्या भुवया उंचावल्या.

आजच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या न्यायाने बघितलं तर रमाबाईंच्या हिशेबाने टिळक खोटे, आणि टिळकांच्या हिशेबाने रमाबाई पाश्चात्त्यांच्या आहारी गेलेल्या. क्लिप कापायला दोन्हीकडे भरपूर माल. पण आज काय झालंय? टिळकांची भजनं गाताना कुणी विचारत नाही की दरबारात बाप्तिस्मा न झालेले किती होते. आणि रमाबाईंचं बायबल? ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. मनोरमा आदल्या वर्षीच गेली होती. भाषांतराचं काम मात्र पुरं झालं होतं. मुक्तीच्या छापखान्यात बायकांनीच खिळे जुळवून १९२४ ला ते छापून काढलं. एका स्त्रीने भाषांतर केलेलं आणि दुष्काळातून वाचवलेल्या बायकांनी छापलेलं बायबल.

आणि आता शेवटची नोंद, जी वाचून मी स्वतः थोडा वेळ गप्प बसलो. चर्च ऑफ इंग्लंडच्या दिनदर्शिकेत थोर भक्तांच्या स्मरणाचे दिवस असतात. त्यात ३० एप्रिल हा दिवस पंडिता मेरी रमाबाईंचा आहे. 'मेरी' हे त्यांचं बाप्तिस्म्याचं नाव. ओळख काय लिहिलीय? शास्त्राच्या भाषांतरकार. जे चर्च १८८५ ला या बाईच्या विश्वासाबद्दल साशंक होतं, तेच आज तिच्यासाठी देवाचे आभार मानतं.

आजीबाईंबद्दलही न्यायाने बोलू. ही सगळी पत्रं आज आपल्याला वाचायला मिळतात ती त्यांच्यामुळे. सिस्टर जेराल्डिननी ती जपली, संकलित केली. स्वतःला कमीपणा आणणारी पत्रंही. १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती महाराष्ट्र सरकारच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. शिक्का मारणाऱ्या माणसांतही असा प्रामाणिकपणा असतो. म्हणून त्यांच्यावर आज उलटा शिक्का मारायची मला हौस नाही.

मग काय, कुणाला काहीच म्हणायचं नाही? असं मुळीच नाही. पत्रकार म्हणून सांगतो, खरे लबाड असतात. प्रार्थनेने बरं करतो म्हणून इन्सुलिन बंद करायला लावणारा, शेत विकून 'बी पेरा' म्हणणारा, दानाचा हिशेब मागितला की शाप देणारा, बायका-मुलींचा गैरफायदा घेणारा. अशांबद्दल बोललंच पाहिजे. पुराव्यासह, नावासह, गरज पडली तर पोलिसांत जाऊन. पण 'खोटा शिक्षक' हा शब्द ढोलकीवाल्यापासून दरोडेखोरापर्यंत सगळ्यांना सारखाच लावला, तर खरा दरोडेखोर आला त्या दिवशी तुमच्या ओरडण्याकडे कोण लक्ष देईल? लांडगा आला रे आला, दुसरं काय!

शास्त्रात दोन्ही गोष्टी आहेत. पारखून घ्या असंही आहे, आणि निदणाचा दाखलाही आहे. आपल्या शेतकऱ्यांना तो वेगळा समजावायची गरज नाही. गव्हात निदण उगवलं, गडी म्हणाले उपटून टाकतो, धनी म्हणाला थांबा, निदणाबरोबर गहूही उपटाल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. कोवळेपणी दोन्ही सारखीच दिसतात. घाईत खुरपं चालवणाऱ्याला हे कळत नाही.

आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात अपुल्लोस आहे. उत्तम वक्ता, शास्त्रात तरबेज, पण शिकवण अपुरी. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या नवरा-बायकोने त्याचं बोलणं ऐकलं. चूक लक्षात आली. सभास्थानात उठून त्यांनी त्याला खोटा ठरवलं नाही. त्याला आपल्याबरोबर नेलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. पुढे तोच अपुल्लोस मंडळ्यांना मोठा आधार झाला. डॉरोथिया बीलनी चेल्टनहॅममध्ये यापेक्षा वेगळं काय केलं?

म्हणून पुढच्या वेळी क्लिप आली की एवढंच करा. पूर्ण संदेश ऐका. भांडण विश्वासाचं आहे की वळणाचं, ते स्वतःला विचारा. आणि तो पाळक तुमच्याच तालुक्यातला असेल तर फॉरवर्ड करण्याआधी त्याला फोन करा, घरी चहाला बोलवा. नंबर असतोच तुमच्याकडे.